ऋषीच्या भाजीपर्यंत: कोथरूडच्या एका गच्चीवरच्या नोंदी

इमारत चार मजली, १९९४ सालची, २४ फ्लॅट. भाजीच्या बागेसाठी गच्ची अर्धी मिळाली, उरलेल्या अर्ध्या भागात पापड-कुरडया आणि कपड्यांचा हक्क जुना आहे, तो कोणी सोडणार नव्हतं. नऊ घरं कामाला तयार झाली. वही मी ठेवली, म्हणून चुकाही बऱ्याचशा माझ्याच अक्षरात आहेत. कोणाला आपल्या सोसायटीत हे करायचं असेल तर निदान याच चुका पुन्हा करू नयेत.

५ मे २०२४, रविवार

सभेत परवानगी मिळाली. अट एकच: गळती झाली तर खर्च बागवाल्यांचा. हसत हसत सही केली.

लावायचं काय यावर तासभर वाद झाला. कोणाला चेरी टोमॅटो, कोणाला लेट्यूस. शेवटी ब विंगच्या आजी म्हणाल्या, "अगं, शोभेचं नको. यंदा ऋषीची भाजी गच्चीवरची करून दाखवा, मग मी मानेन." ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, परसातलं खायचं. शहरात सगळेजण त्या दिवशी मंडईतून ट्रकने आलेलं अळू आणतात आणि व्रत पाळलं म्हणतात. आजींचा मुद्दा बिनतोड होता. ऋषिपंचमी ८ सप्टेंबरला. हातात १२६ दिवस.

उत्साहाच्या भरात एका काकांनी संध्याकाळीच एक ब्रास माती मागवली. टेंपोसह ३,४०० रुपये. गेटपाशी ढीग पडला, मुलांनी घमेल्यांनी वर न्यायला सुरुवातही केली. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त ओव्हरसीअर काका जिन्यात आडवे उभे राहिले. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, चार टनांच्या वर वजन, आणि ओली झाली की अजून. "एवढं वर चढवून खाली झोपणार कोण?" असं त्यांनी विचारलं. माती जिथे होती तिथेच राहिली.

८ मे

वजनाचा खेळ. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडून काटा आणला. भाजीचा जुना प्लास्टिक क्रेट (लांबी ५४ सेंमी, रुंदी ३६) त्या मातीने भरला, पाणी निथळेपर्यंत भिजवला, तोलला: ६८ किलो. म्हणजे चौरस मीटरला साडेतीनशे किलो. वावर असलेल्या गच्चीचा स्लॅब साधारण चौरस मीटरला १५० किलोच्या हिशेबाने बांधलेला असतो, असं ओव्हरसीअर काकांनी वहीत स्वतः लिहून दिलं.

दुसरा क्रेट उसाचं चिपाड, पालापाचोळा, शेणखत आणि वर तीन बोटं माती असा भरला. भिजवून २४ किलो. चौरस मीटरला सव्वाशेच्या आत, आणि मधल्या वाटा धरल्या तर सरासरी आणखी खाली. तरीही बाहेरचा स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावला, २,५०० रुपये. त्याने बीम कुठून जातात ते खडूने आखून दिलं: जड वस्तू खांबांवर आणि बीमवर, स्लॅबच्या मध्यावर फक्त क्रेट. सगळ्या खर्चात मला हा सगळ्यात कमी बोचला.

१२ मे

६० क्रेट, प्रत्येकी ९० रुपये. एकालाही तडा नाही असं दुकानदार म्हणाला होता. अकरांना निघाला. तारेने शिवले.

चिपाड रसवंतीतून फुकट. मे महिना म्हणजे रसवंत्यांचा हंगाम, रोज दोन-तीन पोती मिळतात. अट एवढीच की रात्री दुकान बंद होताना उचलायचं. आम्ही पहिल्या दिवशी सकाळी गेलो तर पोत्यात मुंग्या, माश्या आणि आंबूस वास. लिफ्टमधून नेलं म्हणून सेक्रेटरी काकांची पहिली चिठ्ठी आली.

अमृतजलाचं पिंप भरलं. शेतीत प्रयोग करणाऱ्या श्रीपाद दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराच्या वाटेने गेलेल्या मंडळींकडून ही कृती गच्चीबागवाल्यांत पसरली आहे: १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम काळा गूळ, १० लिटर पाणी. तीन दिवस रोज तीन वेळा ढवळायचं, चौथ्या दिवशी दहापट पाणी घालून वापरायचं. शेण-गोमूत्र वारज्याच्या गोठ्यातून. ढवळायची पाळी वाटून दिली होती. दुसऱ्या दिवशी पाळी आयटीतल्या मुलाची होती, त्याने नाकाला रुमाल बांधून व्हिडिओ कॉल घेत ढवळलं.

२६ मे

पेरणी. ४४ क्रेटमध्ये भेंडी, गवार, काकडी, माठ, अंबाडी, मका. ड्रम मधोमध कापून त्याचे अर्धे भाग घेतले, चार भाग १,४०० रुपये, ते खांबांवर ठेवले: त्यात दोडका, पडवळ, लाल भोपळा आणि अळू. अळूचे कंद आजींच्या चिपळूणच्या घरचे. अळूचा ड्रम पाण्याच्या टाकीच्या ओव्हरफ्लोखाली, म्हणजे वेगळं पाणी घालायला नको.

ड्रम भरायला चिपाड पुरलं नाही, म्हणून सोसायटीच्या गांडूळखताच्या खड्ड्यातलं काढलं. या खड्ड्याच्या जिवावर आम्हाला मिळकतकरात सवलत मिळते. त्यात गांडूळ मात्र आजवर कोणी पाहिलं नव्हतं. खणल्यावर तळाशी काळंभोर, भुसभुशीत, मातीचा वास येणारं खत निघालं, आणि गांडुळंही. कर विभागाशी आम्ही नकळत प्रामाणिकच होतो.

पाण्यावरून कुरबुर. मे महिन्यात सोसायटी टँकर घेते आणि आम्ही गच्चीवर पाणी घालतो, हे दिसायला वाईटच. तोडगा: भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी नऊ घरांनी बादलीतून वर न्यायचं. पाच घरांनी नेलं.

१६ जून

पाऊस लागून आठवडा झाला. उगवण झक्क होती, आणि आता सगळं पिवळं. भेंडी चार पानांवर अडकली, काकडी सुकली. मी आधी मावा समजले आणि निंबोळी अर्क फवारला. काही फरक नाही. मग एका क्रेटमध्ये हात खुपसला आणि पटकन बाहेर काढला: आत चक्क गरम होतं.

चूक अशी की चिपाड ताजं होतं. ते कुजताना तापतं, आणि कुजवणारे जिवाणू नत्र आधी स्वतः खातात, रोपाला उरत नाही. चिपाड अमृतजलात भिजवून महिनाभर नुसतं ठेवायचं, मग पेरायचं, हे मला तोंडी माहीत होतं. घाई झाली होती, १२६ दिवस मोजत होते ना. गांडूळखताच्या ड्रममधला दोडका आणि भोपळा मात्र बघण्यासारखे वाढताहेत, त्यावरून निदान पक्कं झालं.

भेंडी, काकडी, गवार उपटली. प्रत्येक क्रेटमध्ये दोन मुठी निंबोळी पेंड, एक घमेलं शेणखत, वरून पातळ केलेलं अमृतजल. मिश्रण इतकं बसलं होतं की क्रेट अर्धे रिकामे दिसत होते, सगळे पुन्हा भरले. खड्ड्यातलं खत वरच्या चार बोटांत. तीन आठवडे गेले, बियाणं गेलं. माठ आणि अंबाडी तगली, ती कशातही तगतात, आणि मका कसाबसा उभा राहिला.

२३ जून

भेंडी, काकडी पुन्हा पेरली. गवार सोडून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मं बी पारव्यांनी टिपलेलं. जुन्या सीडी टांगल्या. पारवे सीडीवर बसले.

३० जून

पक्ष्यांची जाळी, १,२०० रुपये. तिसऱ्यांदा पेरलं, निम्म्याच क्रेटमध्ये.

एरंडवण्यात झिकाचे रुग्ण सापडल्याची बातमी आली आणि सेक्रेटरी काकांची दुसरी चिठ्ठी. या वेळी ते बरोबर होते. गच्चीवर डाग पडू नयेत म्हणून मी क्रेटखाली ट्रे ठेवले होते, त्यात पाणी साचून डासांच्या अळ्या वळवळत होत्या. अमृतजलाच्या पिंपातही. सगळे ट्रे काढले, पिंपाला जुन्या सुती साडीचं तोंड बांधलं. ट्रे काढल्यावर क्रेट थेट फरशीवर आले. या वाक्याखाली नंतर लाल रेघ मारली आहे.

१४ जुलै

सगळं हिरवं. भोपळ्याचा वेल कपड्यांच्या दोरीवर चढला. कपडेवाल्यांची तक्रार नाही, उलट खुश, पानाफुलांची भाजी मिळाली.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर पाऊस. पहाटे सहाला वॉचमन दादांनी बेल वाजवली: "ताई, गच्चीवरून जिन्यात पाणी येतंय."

वर गेले तर घोट्याच्या वर पाणी. पाणी जायला सहा तोंडं आहेत, बागेच्या बाजूची तीनही बंद. क्रेट फरशीवर टेकलेले, त्यांच्या भोकांतून निघालेला चिपाडाचा लगदा आणि तळाच्या शेडनेटचे सुटलेले धागे जाळीवर थापले गेले होते. अंधारात हात घालून लगदा काढत होते आणि डोक्यात ओव्हरसीअर काकांचा आकडा: १० सेंटिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला १०० किलो. त्यावर भिजलेले क्रेट. आठवडाभर काट्यावर तोलून केलेला सगळा हिशेब एका तुंबलेल्या जाळीने उलटवला होता. आयटीतला मुलगा आणि दादा आले, तिघांनी मिळून पाऊण तासात पाणी वाहतं केलं. पाणी गेलं तेव्हा मी क्रेटवरच बसले, भेंडीवर.

त्याच सकाळी मुठेला पाणी सोडलेलं, सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलेलं. त्यापुढे आमचं काहीच नाही. तरी दुपारी चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी बोलावलं. बेडरूमच्या छतावर परातीएवढा ओला डाग. "तुमच्या भेंडीचं पाणी माझ्या पलंगावर," एवढंच म्हणाल्या आणि चहा ठेवला. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२८ जुलै

वॉटरप्रूफिंगवाला येऊन बघून गेला. कठड्याच्या बुडाशी कोब्याला दिलेली गोलाई दोन जागी फुटली आहे. क्रेट ओढत सरकवले तेव्हा फुटली, हे मान्य करावं लागलं. उघडीप मिळाली की दुरुस्ती, ७,८०० रुपये. सही आमची होती. नऊ घरांत वाटले. दोन घरं त्या दिवशी गळाली, सात उरली.

केलेले बदल, याच क्रमाने आधी करायला हवे होते:

कठड्यापासून दोन फूट पट्टा पूर्ण मोकळा. प्रत्येक क्रेट चार अर्ध्या विटांवर, खालून झाडू फिरला पाहिजे. क्रेटच्या आत तळाला शेडनेट दुहेरी, कडा आत दुमडून. प्रत्येक तोंडावर पालथी जाळीची टोपली, म्हणजे लगदा टोपलीला अडतो आणि पाणी बाजूने जातं. क्रेट उचलून हलवायचा, ओढायचा नाही. आणि पावसाळ्यात रोज रात्री एकाने वर जाऊन तोंडं बघायची, पाळी फळ्यावर लिहिलेली. ही पाळी ढवळण्याच्या पाळीपेक्षा नीट पाळली जाते. काकूंच्या चहाचा परिणाम असावा.

४ ऑगस्ट

दोडक्याला महिनाभर फुलं, फळ एक नाही. बोटाएवढं होतं आणि पिवळं पडून गळतं. म्हटलं परागीभवन होत नाही, हाताने करू. रोज सकाळी सातला कुंचला घेऊन जायचे. फुलं मिटलेली. मला वाटायचं पावसाने मिटली.

आजी गुडघे धरत वर आल्या, बघून म्हणाल्या, "अगं, दोडकं संध्याकाळी फुलतं. सकाळी भोपळा." एवढं साधं. भोपळ्याची फुलं पहाटे उघडतात, दोडक्याची दिवस कलताना. आता पाच-साडेपाचला जाते, नर फूल तोडून पाकळ्या मागे करते आणि मादी फुलाला टेकवते. मादी फुलामागे बारीक दोडका असतोच, ओळखायला सोपं. कुंचल्याची गरज नाही.

११ ऑगस्ट

फळं धरली. वाकडी झाली. कापून बघितलं तर आत अळ्या: फळमाशी. क्यू ल्यूरचे (माशीला वासाने ओढणारे) कामगंध सापळे लावले, तीन नग, ४५० रुपये. चार दिवसांत प्रत्येकात मूठभर माश्या. पण सापळ्यात नरच येतात, आधीच फळात अंडी घातलेली मादी मोकळी. म्हणून धरलेल्या प्रत्येक फळाला वर्तमानपत्राची पिशवी, आणि किडलेली फळं खतात न टाकता पाण्यात बुडवून मारायची. आम्ही पहिल्या दिवशी ती खतातच टाकली होती, म्हणजे माशीची पुढची पिढी स्वतः पाळली.

भेंडी सुरू. पहिला तोडा ६०० ग्रॅम. चार झाडांची पानं पिवळ्या शिरांची झाली, केवडा नावाचा रोग. ती मुळासकट उपटली. त्यावर घरगुती औषध काही चालत नाही. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, रोगट झाड ठेवणं म्हणजे उरलेल्यांचा जीव धोक्यात.

१८ ऑगस्ट

मक्याची कणसं सोलली. बोळक्या तोंडासारखी, दोन दाणे इथे, चार तिथे. मका वाऱ्यावर फळतो, तो चौकोनात दाटीने लावायचा. मी कठड्याला शोभेल म्हणून एका ओळीत लावला, वाऱ्याने पराग शेजारच्या सोसायटीत नेला.

८ सप्टेंबर, ऋषिपंचमी

काल गणपती आले, आज सकाळी सातला सगळे गच्चीवर. आजींनी यादी हातात धरून तपासणी केली.

गच्चीचं: अळू दोन जुड्या, अगदी देठासकट. लाल माठ. अंबाडी. भेंडी पाऊण किलो. दोडके पाच, त्यातले तीन सरळ. पडवळ एक. मक्याची बोळकी कणसं, तुकडे केल्यावर कोणाला कळलं नाही. आणि लाल भोपळा, १०५ दिवसांचा, १ किलो ४०० ग्रॅम, एकुलता एक. तो कापायला कोणी धजेना.

विकतचं: सुरण, भुईमुगाच्या ओल्या शेंगा. सुरणाला आठ-नऊ महिने लागतात, तो मे महिन्यात लावून सप्टेंबरात मिळणारच नव्हता, हे ५ मेला कोणीच बोललं नाही. आजींना माहीत होतं. "मुद्दाम नाही सांगितलं, तुमचा हिरमोड झाला असता."

बैलाच्या कष्टाचा प्रश्न आयटीतल्या मुलाने काढलाच: शेण गाईचं, ते ठीक, पण अमृतजलातला गूळ आणि चिपाड उसाचं, ऊस नांगरला कोणी? आजी म्हणाल्या, "ट्रॅक्टरने. ट्रॅक्टर ऋषींना चालतो." यावर वाद मिटला.

भाजी मोठ्या पातेल्यात, आमसूल आणि ओल्या मिरच्या घालून, फोडणी नाही. २४ घरांत वाटी वाटी दिली. चौथ्या मजल्यावरच्या काकूंकडे मी स्वतः घेऊन गेले. डाग सुकला आहे, रंग मात्र अजून लावायचा राहिला आहे. वाटी परत आली तेव्हा त्यात खिरापत होती.

सुरणाचा डोळ्याचा भाग आजींनी कापून वाळूत ठेवला आहे. वैशाखात लावणार. हिवाळ्यापर्यंत होईल, म्हणजे पुढच्या ऋषीलाही नाही, त्याच्या पुढच्या.

१५ सप्टेंबर: हिशेब

माती (गेटपाशी, आता अशोकाच्या झाडांना) ३,४००. क्रेट ५,४००. इंजिनिअर २,५००. शेडनेट, जाळ्या, टोपल्या २,१००. खतं २,६००. बी, पेंड, गूळ १,३५०. ड्रम १,४००. सापळे ४५०. पक्ष्यांची जाळी १,२००. गळती ७,८००. एकूण २८,२०० रुपये.

उत्पन्न ५५ किलो, त्यातलं १९ किलो पालेभाजी. किलोला ५१३ रुपये पडले. माती आणि गळती, म्हणजे निव्वळ मूर्खपणाचे ११,२०० वजा केले तरी ३०९. भाजीवाल्या मावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग माझ्याकडूनच घ्या की, निम्म्यात देते." क्रेट, ड्रम, जाळ्या पुढे चार-पाच वर्षं टिकतील असं धरलंय, तेव्हा आकडा उतरेल. किती ते उन्हाळ्यात, टँकर सुरू झाले की कळेल.

वेळ: आठवड्याला सगळ्यांचे मिळून साधारण १४ तास. त्यातले चार बोलण्यात.

२९ सप्टेंबर

भेंडी काढली. क्रेट पुन्हा चार बोटं बसलेत. या वेळी ताजं चिपाड वर घातलं नाही, ऑगस्टपासून भिजत ठेवलेलं घातलं. हात खुपसून पाहिला, थंड. मेथी आणि कोथिंबीर पेरायची आहे. धने लाटण्याने हलके रगडून दोन दले सुटी केली. वॉचमन दादांनी स्वतःच्या दोन क्रेटसाठी लसणाच्या पाकळ्या आणल्या आहेत, त्यांना टाकीजवळची जागा दिली.

पेरायच्या आधी जाळी बांधली. पारवे कठड्यावर बसून बघत होते.